सतराव्या वर्षाचा ब्लूज कसा ऐकावा?

वाचकाचं पत्र

माझ्या बहिणीचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून गिटार वाजवतो, आणि वाजवतो तो फक्त ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत. ही गोडी त्याला माझ्याकडच्या रेकॉर्ड ऐकून लागली. शिकला मात्र एकटाच, खोलीत बसून, व्हिडिओ बघत. गेल्या महिन्यात त्याचा पहिला अल्बम आला. अकरा गाणी आहेत: सात जुनी, चार त्याची स्वतःची. घरचे आणि ओळखीचे म्हणतात, 'सतराव्या वर्षी असं वाजवणं म्हणजे चमत्कार.' माझे ब्लूज ऐकणारे दोन जुने मित्र म्हणाले, 'बोटं आहेत, ब्लूज नाही. या पोराने अजून सोसलंय काय?' मला दोन्ही पटत नाही, पण अल्बम मनाला भिडलाही नाही. त्यातला सात मिनिटांचा संथ ब्लूज तर मला झेपलाच नाही. पहिल्या ठोक्यापासून गिटारचा सोलो सुरू, गातानाही गिटार थांबत नाही, आणि शब्द दारूचे आणि सोडून गेलेल्या बाईचे. अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनच्या जागा मी बोट ठेवून दाखवू शकतो. शेवटचं गाणं साधंसं आहे, मोठा भाऊ नोकरीसाठी घर सोडून गेला त्यावरचं. ते बरं वाटलं. आता भाचा रोज विचारतो, 'मामा, खरं सांग, कसा झालाय?' मी 'अजून ऐकतोय' म्हणून वेळ मारून नेतो. ताई म्हणते, पोराचा हिरमोड करू नकोस, इंटरनेटवर पाच तारे दे आणि चार चांगल्या ओळी लिही. मी काय करू?
– एक मामा

उत्तर

नमस्कार मामा,

'अजून ऐकतोय' हे उत्तर फार दिवस पुरणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ बरोबर कळतो, आणि गप्प बसलेल्या मामाकडून तो जो अर्थ काढेल, तो तुमच्या खऱ्या मतापेक्षा वाईट असेल. तेव्हा सांगायचं आहेच. काय सांगायचं आणि त्याआधी काय ऐकायचं, तेवढं ठरवू.

तुमच्या कानावर आलेली दोन्ही मतं जवळ ठेवून बघा. एक म्हणतं, सतराव्या वर्षी हे म्हणजे चमत्कार. दुसरं म्हणतं, सतराव्या वर्षी हे शक्यच नाही. दोघंही त्या मुलाच्या जन्मतारखेबद्दल बोलताहेत. एकाने वयाची सूट दिली, दुसऱ्याने वयाचा दंड लावला. अल्बम मात्र दोघांनीही ऐकून बाजूला ठेवून दिला. कौतुकातलं 'या वयात' मला टीकेइतकंच खटकतं. हा शब्द ज्याच्या वाट्याला येतो त्याला तो आणखी दोन-चार वर्षंच मिळणार असतो. मुलगा बावीस वर्षांचा झाला की तीच बोटं, तेच सोलो आणि तोच वेग असूनही चमत्कार संपतो, आणि आपलं नेमकं काय बिघडलं हे त्याला कुणीच सांगत नाही.

तुमच्या मित्रांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. ब्लूज कुठून आला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो प्रश्न पडतोच. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने संपली, तरी कृष्णवर्णीय माणूस बटाईच्या शेतीत आणि जमीनमालकाच्या कर्जात अडकलेला राहिला. शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, आणि जमावाने झाडाला टांगण्याची भीती रोजची. या जगण्यातून हे गाणं उभं राहिलं. पण हे दुःख एका समाजाचं आहे. वय वाढलं म्हणून ते कुणाच्या खात्यात जमा होत नाही. पन्नाशीचा कुणी बाहेरचा वादक त्या इतिहासाच्या बाबतीत तुमच्या भाच्यापेक्षा एक पाऊलही पुढे नसतो. दोघांनाही तो वाचावा लागतो, ऐकावा लागतो, ज्यांची गाणी आपण वाजवतो त्यांची नावं ठळक द्यावी लागतात. अल्बमवर त्या सात जुन्या गाण्यांच्या मूळ कवी-संगीतकारांची नावं नीट आहेत का, हे जरूर पाहा. ही बारीक गोष्ट नाही. विली डिक्सनसारख्या गीतकाराला त्याच्या शब्दांचं श्रेय लेड झेपलिन या रॉक बँडकडून मिळवण्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. १९८७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

आणि ब्लूज हे म्हाताऱ्यांचं गाणं आहे, ही समजूत आपल्याकडे आली कशी? १९६० च्या दशकात गोऱ्या तरुण संग्राहकांनी जुने वादक शोधून काढले. सन हाउस आणि स्किप जेम्स १९६४ मध्ये सापडले, तेव्हा दोघांनीही साठी ओलांडली होती. त्यांचे सुरकुतलेले चेहरे, थरथरता आवाज, महोत्सवातली ती छायाचित्रं आपल्या डोक्यात पक्की बसली. पण सन हाउसने पहिल्या रेकॉर्ड केल्या १९३० मध्ये आणि स्किप जेम्सने १९३१ मध्ये. त्या वेळी दोघंही अठ्ठावीस वर्षांचे होते. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये एकोणतीस गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याला म्हातारपण दिसलंच नाही. लिटल वॉल्टरने हार्मोनिका घेऊन पहिली रेकॉर्ड केली १९४७ मध्ये, तुमच्या भाच्याच्याच वयात. शिवाय ब्लूज काही फक्त रडण्यासाठी नव्हता. आठवडाभर कापूस वेचून थकलेली माणसं शनिवारी रात्री त्याच्यावर नाचत होती. नाचायला लावणारं वाजवायचं तर सोसण्याआधी ठेका लागतो, आणि ठेका सतराव्या वर्षी असू शकतो. तुमच्या मित्रांना विचारा, त्या अल्बममधल्या शफलवर, म्हणजे झुलत्या ठेक्याच्या गाण्यावर, त्यांचा पाय हलला का? या प्रश्नाचं उत्तर 'सोसलंय काय'पेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आता नकलेचं. व्हॉनच्या जागा तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता, हे मी मान्य करतो. तुमचा कान तयार आहे. पण तोच कान घेऊन मागे जा. व्हॉनच्या वाजवण्यात त्याच्या आधीच्या पिढीतला ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग याच्या जागा तितक्याच सहज दाखवता येतात. १९८३ मध्ये आलेल्या, गायक डेव्हिड बोवीच्या गाण्यात व्हॉनने जो सोलो वाजवला, त्यात अल्बर्ट किंग सरळसरळ बसलेला आहे, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दोघं एका टीव्ही कार्यक्रमासाठी शेजारी शेजारी वाजवत होते. गिटारवादक केनी वेन शेपर्डने व्हॉनला प्रत्यक्ष पाहिलं ते सातव्या वर्षी. १९९५ मध्ये अठराव्या वर्षी त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा त्याच्यावरही हाच शिक्का बसला. ब्लूजमध्ये नक्कल हा गुन्हा नाही, ती शाळा आहे; आपल्याकडे गुरूची तान जशीच्या तशी घोटतात, तसंच हे. त्यामुळे जागा कुणाची, एवढ्यावर थांबू नका. ती जागा तिथे का आली, ते बघा. अल्बर्ट किंग डावखुरा होता, उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, त्यामुळे तारा खाली ओढायचा आणि त्याचे बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेले स्वर, लांबलचक व्हायचे. व्हॉनने ते उचललं, पण त्याला स्वतःची जाड तारांची, ताकदीची धाटणी दिली. भाच्याने ती जागा गाण्याच्या ओळीला उत्तर म्हणून घेतली असेल, तर ती त्याची व्हायला लागली आहे. मधली मोकळी जागा भरायची म्हणून टाकली असेल, तर ती अजून व्हॉनचीच आहे. हा फरक तुम्हाला ऐकू येईल. तो त्याला दाखवून द्या, म्हणजे 'नक्कल आहे' या दोन शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त त्याच्या हाती लागेल.

त्या संथ ब्लूजकडे येतो, कारण तुमचा सगळा राग तिथे साठलाय, आणि शिकण्यासारखंही तिथेच सगळ्यात जास्त आहे.

एक काम करा. गाणं लावा आणि मोजा. बारा बारचं आवर्तन, बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. लय मिनिटाला साठ ठोक्यांची असेल, तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांत संपतं. म्हणजे सात मिनिटांत जवळजवळ नऊ आवर्तनं. आता कागदावर लिहा: किती आवर्तनं गायनाची, किती सोलोची? आणि प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला आधीच्यापेक्षा काही बदललं का? आवाज खाली आला, ड्रम पातळ झाले, बेसने वेगळं काही केलं, की पहिल्या आवर्तनापासून नवव्यापर्यंत सगळं एकाच उंचीवर? माझा अंदाज आहे की तुम्हाला जे झेपलं नाही ते वेगाचं प्रकरण नसावं. पहिल्या बारलाच सगळं सांगून टाकल्यावर उरलेल्या आठ आवर्तनांना जायला वरची जागाच राहत नाही.

मग गायनाची आवर्तनं पुन्हा ऐका, सोलो सोडून द्या. ब्लूजचा साचा संवादाचा आहे. चार बारांपैकी साधारण पहिल्या दोनांत ओळ गायली जाते, पुढचे दोन बार वाद्याचे. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा, पुन्हा उत्तर. शेवटच्या चारांत ओळ फिरते आणि प्रकरण मिटतं. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग म्हणायचे की त्यांना एकाच वेळी गाता आणि वाजवता येत नाही. पण त्यांनी त्याचीच शैली करून टाकली: गातात तेव्हा गिटार गप्प, ती बोलते तेव्हा ते गप्प. तुमचा भाचा गातानाही वाजवत राहतो, म्हणजे प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. यात मला हावरेपणा दिसत नाही. तो कसा शिकला, ते दिसतं.

तुम्हीच लिहिलंय, खोलीत बसून, व्हिडिओ बघत. म्हणजे बॅकिंग ट्रॅक लावून. बॅकिंग ट्रॅकमध्ये बेस-ड्रम असतात, गाणारं माणूस नसतं. तुम्ही थांबलात तर तो वाट पाहत नाही, तुम्ही हळू वाजवलंत तर तो हळू होत नाही. अशा तालमीत बोटं झपाट्याने तयार होतात, आणि एकच गोष्ट शिकायची राहून जाते: दुसरं कुणी बोलत असताना काय वाजवायचं. आजच्या पुष्कळ तरुण वादकांत मला हीच उणीव ऐकू येते, आणि तिला वयाचं नाव दिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. व्हॉन शाळा सोडून टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गेला तेव्हा सतरा वर्षांचाच होता. त्याचा पहिला अल्बम १९८३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी आला आणि तो स्टुडिओत मोजक्या दिवसांत उरकला, कारण मधली अकरा वर्षं तो रात्री-बेरात्री क्लबांमध्ये माणसांसोबत आणि माणसांसमोर वाजवत होता. त्या काळात किती गाणाऱ्यांच्या मागे त्याने नुसता रिदम दिला असेल! तुमच्या भाच्याचा अल्बम त्या अकरा वर्षांच्या आधी आलाय. त्यात चूक काही नाही, फक्त तो तसा आहे हे तुम्हा दोघांनाही ठाऊक हवं.

सोलोही एकदा वेगळा ऐका, पण एकच स्वर शोधत. मायनर पेंटॅटॉनिकचे स्वर म्हणजे आपला सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे स्वर म्हणा ना. ते कुणालाही सापडतात. ब्लूज त्या कोमल गंधारावर घडतो. तार किंचित ओढून तो वर न्यायचा, पण शुद्ध गंधारापर्यंत पोचू द्यायचा नाही. दोहोंच्या मध्ये कुठेतरी, जिथे कान अस्वस्थ होतो, तिथे ठेवायचा. किती ओढायचं हे गिटारच्या दांडीवरची पट्टी, म्हणजे फ्रेट, सांगत नाही, बोटाला कानाचं ऐकावं लागतं. भाचा तो स्वर कुठे ठेवतो? दर वेळी एकाच जागी, की गाण्याच्या शब्दाप्रमाणे थोडा इकडेतिकडे? आणि पूर्ण बेंड घेऊन व्हायब्रॅटो देतो तेव्हा स्वर दर हेलकाव्याला त्याच उंचीवर परत येतो की घसरतो? शेवटचा प्रश्न, सगळ्यात अवघड: त्या सात मिनिटांत एक तरी स्वर तो दोन बार धरून ठेवतो का, मागे नुसती साथ चालू देऊन? वेग आणि सफाई दहाव्या वर्षापासून केलेल्या मेहनतीने येतात. धरून ठेवायला हिंमत लागते, कारण तेवढा वेळ लोक तुमच्याकडे बघत असतात आणि तुम्ही काहीच करत नसता. असा एकही क्षण सापडला तर वेळ लिहून ठेवा, मिनिट आणि सेकंदासकट.

शब्दांचं मात्र मी तुमच्या बाजूने आहे. दारू आणि सोडून गेलेली बाई हे त्याला न शोभणारं आहे म्हणून मी हे म्हणत नाही. त्याला ते गाताना कुणाचा चेहरा दिसत नाही आणि आवाजात ते कळतं, म्हणून म्हणतो. लहान वयात अल्बम काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडलाय आणि प्रत्येकाने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. शेपर्डने पहिल्या अल्बमवर गायन दुसऱ्याकडे, कोरी स्टर्लिंगकडे दिलं आणि स्वतः गिटारपुरता राहिला. गिटारवादक डेरेक ट्रक्सने लहान हातांना सोपं जावं म्हणून स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, उचलली, आणि १९९७ मध्ये त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यात वाद्यसंगीतच जास्त होतं. पुढे त्याने अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदातून इतकं घेतलं की त्याची स्लाइड ऐकताना आपल्याला मींड ऐकल्यासारखं वाटतं. जॉनी लँगने उलट केलं. जानेवारी १९९७ मध्ये, सोळावा वाढदिवस उद्यावर असताना त्याचा 'लाय टू मी' आला आणि त्यावर तो स्वतःच गायला, घोगऱ्या, मोठ्या माणसाच्या आवाजात. काहींना तो आवाज खरा वाटला, काहींना उसना. मला विचाराल तर त्या अल्बमवर लँगचा गळा त्याच्या गिटारपेक्षा जास्त बोलतो. आणि मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन 'किंगफिश' इन्ग्रम. पोरवयातच गाजला होता, तरी त्याचा पहिला अल्बम आला २०१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. त्यात आपलं छोटं गाव सोडून बाहेर पडायच्या ओढीचं गाणं आहे. विशीतल्या मुलाला हे गाताना कुठून काही उसनं आणावं लागत नाही, आणि ब्लूजमध्ये घर सोडणं हा विषय पहिल्यापासून आहेच.

म्हणूनच तुमच्या पत्रात जे एका वाक्यात उरकलंय तिथे मी थांबलो. शेवटचं गाणं, मोठा भाऊ नोकरीसाठी घर सोडून गेला त्यावरचं. 'साधंसं आहे, बरं वाटलं.' मामा, संथ ब्लूजवर तुम्ही इतकं लिहिलंत आणि अख्ख्या अल्बममध्ये तुम्हाला जे भिडलं त्याला दोन शब्द! अल्बम मनाला भिडला नाही म्हणता, पण एक गाणं भिडलंय. ते तुम्हाला मोजण्यासारखं वाटलं नाही, कारण त्यात सोलो नाही किंवा छोटा आहे, असा मला संशय आहे. ब्लूज गिटारचा अल्बम म्हटला की आपण ऐकणारेही गिटारच तोलायला बसतो. ऐकणाऱ्यांचीही ही सवय जुनी आहे आणि ती पोरांना बिघडवते. त्यांना कळून चुकतं की टाळ्या कुठे मिळतात.

ते गाणं पुन्हा ऐका आणि त्यात नेमकं काय आहे ते स्वतःला सांगा. तो गातो तेव्हा गिटार थांबते का? माझी खात्री आहे, थांबत असेल, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही आहे आणि त्याला ते ऐकू जायला हवं आहे. सतरा वर्षांच्या मुलाने काय सोसलंय, या तुमच्या मित्रांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. भाऊ गेला, घरातला एक आवाज कमी झाला. हे दुःख कुणाच्या परवानगीने मोठं किंवा लहान ठरत नाही. ते खरं असलं की बारा बारात बसतं.

आता सांगायचं कसं. आधी त्यालाच थोडं विचारा, कारण पहिल्या अल्बमवरचं सगळंच वादकाच्या मनाचं नसतं. सात जुनी गाणी कुणी निवडली? संथ ब्लूज सात मिनिटांचा असावा हे त्याचं मत की स्टुडिओतल्या कुणाचं? गिटार आवाजाच्या वर कुणी चढवली? मिक्स करणाऱ्याच्या निर्णयाचं खापर मुलाच्या डोक्यावर फुटू नये. शेवटचं गाणं केव्हा आणि कसं झालं, हेही विचारा.

मग समोर बसा, अल्बम लावा आणि गाण्यांवर बोट ठेवून बोला. फोनवर नको, ताईंसमोर नको. सुरुवात शेवटच्या गाण्यापासून करा. साधारण असं म्हणता येईल: 'हे गाणं मी परत परत लावलं. इथे तू गातोस तेव्हा गिटार वाट बघते, म्हणून मला तुझा शब्द न् शब्द कळला. आता संथवाला लावू. इथे बघ, तुझी ओळ संपायच्या आत गिटार आली, माझं लक्ष फुटलं. तुला तिथे काय हवं होतं?' आणि मग गप्प बसा, त्याला बोलू द्या. व्हॉनचं नाव तुम्ही काढू नका, तो स्वतः काढील. त्याला ते तुमच्याआधी ठाऊक आहे. तेव्हा त्याला अल्बर्ट किंगकडे पाठवा, तिथून आणखी मागे. ही गोडी त्याला तुमच्याकडच्या रेकॉर्डमुळे लागली ना? मग पुढची रेकॉर्ड हातात देणं हे तुमचंच काम आहे.

एकच गोष्ट करायला सांगा, दहा नकोत. मी तुमच्या जागी असतो तर म्हणालो असतो: सहा महिने दुसऱ्या कुणाच्या गाण्यामागे वाजव. कुणी गाणारी मुलगी असेल, कुणी हार्मोनिकावाला असेल, त्यांच्या मागे रिदम धर, सोलो मिळाला तर एकाच आवर्तनाचा. कंटाळा येईल, हात शिवशिवतील. पण गाणारा श्वास कुठे घेतो हे त्याच्या बोटांना कळायला लागेल, आणि ते कळल्यावर तो संथ ब्लूज त्याला स्वतःलाच वेगळा वाजवावासा वाटेल. घरी एकटा असेल तेव्हा सोलो वाजवायच्या आधी तोंडाने गायला सांगा. जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही, इतका साधा नियम. गाताना दम लागतो, आणि तोच दम ओळीला शेवट देतो.

तो चिडेल का? कदाचित दोन दिवस बोलणार नाही. या वयात अल्बमवरचं बोलणं आपल्यावरचंच वाटतं. तुम्ही मागे लागू नका आणि शब्द मागेही घेऊ नका. तुम्ही गाणी मिनिट-सेकंदासकट ऐकली आहेत हे त्याला दिसलेलं असेल. इतकं बारकाईने त्याला अजून कुणी ऐकलेलं नसणार, चमत्कार म्हणणाऱ्यांनीही नाही. दुसऱ्या अल्बमची घाई तो करत असेल तर त्याला जो बोनामासाचं सांगा: बाराव्या वर्षी बी. बी. किंगच्या कार्यक्रमाआधी वाजवलेला मुलगा, आणि स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम २००० मध्ये, तेविसाव्या वर्षी.

राहिला ताईंचा प्रश्न. तारे देऊ नका, चार ओळीही लिहू नका. मामाने दिलेल्या पाच ताऱ्यांना बाहेरच्यांच्या लेखी किंमत नसते, आणि मुलालाही ते कुणी दिले हे कळतंच. ताईंना सांगा की हिरमोड होऊ नये म्हणूनच मी त्याच्याशी खरं बोलणार आहे, पण घरात, त्याच्यासमोर. अल्बमच्या चार प्रती मात्र विकत घ्या, पूर्ण किमतीला. आणि तुमच्या त्या दोन मित्रांना फक्त शेवटचं गाणं पाठवा. कुणाचं आहे, किती वर्षांच्या मुलाचं आहे, काही सांगू नका. 'ऐकून कसं वाटलं ते कळवा' एवढंच लिहा. अल्बम त्यांनी ऐकलाय, पण सोलो तोलत ऐकलाय, त्यामुळे हे गाणं ते ओळखतीलच असं नाही. ओळखलं नाही, तर त्यांचं जे उत्तर येईल ते, चांगलं असो की वाईट, एक शब्दही न बदलता भाच्याला वाचून दाखवा.